काम नसताना शाळेत जा: पहिलीच्या नव्या पालकांसाठी

दप्तर, डबा, पाण्याची बाटली, दोन गणवेश, रेनकोट. जूनच्या आधी ही यादी घरोघरी पाठ झालेली असते. त्या यादीत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे आपल्या मुलाला वर्षभर कोण शिकवणार आहे त्या माणसाची ओळख.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत शिकवते. माझी मुलगी दुसऱ्या शाळेत आहे, त्यामुळे पालकसभेत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसायची वेळ येते. दोन्हीकडून दिसतं ते एकच. बहुतेक पालक शाळेची पायरी पहिल्यांदा चढतात ती काहीतरी बिनसल्यावर. कोणीतरी ढकललं, वही हरवली, मार्क कमी पडले. पहिलीच भेट अशी झाली की पालक तावातावाने बोलतात, शिक्षक स्वतःला सावरून बोलतात आणि पुढचं अख्खं वर्ष दोघं एकमेकांना टाळतात. म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला इथेच देऊन टाकते: काही काम नसताना पहिली भेट घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर सोपं जातं.

आधी शाळा कोणाची ते माहीत करून घ्या

ऐकायला विचित्र वाटेल, पण आपलं मूल ज्या शाळेत जातं ती नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे पुष्कळ पालकांना सांगता येत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार धरा. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेची शाळा. खासगी संस्थेची पण सरकारी अनुदानावर चालणारी शाळा. आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवर चालणारी शाळा. पालक म्हणून तुमच्या हातात काय आहे, हे या प्रकारावर ठरतं. पहिल्या प्रकारात शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे खरे अधिकार असतात. अनुदानित शाळेतही ती असते, पण सल्ल्यापुरती. फीच्या शाळेत तिच्या जागी शिक्षक-पालक संघ महत्त्वाचा. यांबद्दल पुढे येतंच.

प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो बहुतेक ठिकाणी फलकावर किंवा कार्यालयाच्या दारावर रंगवलेला असतो. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. शाळेच्या नावाने पत्रव्यवहार करायची वेळ आली तर एकाच नावाच्या चार शाळांमधून तुमची शाळा चटकन सापडते.

प्रवेशाच्या वेळीच आणखी एक काम उरकून घ्या. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख कशी लिहिली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जन्मदाखला, आधार कार्ड आणि रजिस्टर, तिन्हीकडे एकच स्पेलिंग हवं. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून निघतो, आणि दहावीनंतर ती दुरुस्त करायला निघालेल्या पालकांची पायपीट मी दरवर्षी बघते. जूनमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली भेट

मूल जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत जाणार असेल तर सुरुवात शाळा उघडण्याआधीच होते. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, एक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि एक शाळा उघडताना. पहिलीत येणारं मूल एकेका टेबलापाशी जातं. कुठे उडी मारायची, कुठे चित्राबद्दल बोलायचं, कुठे वस्तू मोजायच्या. त्याच्या विकासपत्रावर नोंदी होतात आणि आईला घरी काय घ्यायचं ते सांगतात. याच मेळाव्यात वस्तीवरच्या आयांचे गट तयार होतात. काही पालक याला परीक्षा समजून मुलाच्या कानात उत्तरं सांगतात. तसं करू नका. मूल कुठे अडतं हे बाईंना दिसू द्या, त्यासाठीच तर तो खटाटोप आहे.

मेळावा चुकला किंवा शाळा खासगी असली, तर शाळा उघडल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भेटायला जा. पहिल्या आठवड्यात वर्गात रडारड, पुस्तकवाटप आणि प्रवेशाचे कागद यांचा गोंधळ असतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरांच्या नंतर उघडतात, तिकडे हिशोब त्याप्रमाणे धरा.

वेळ आधी विचारून घ्या. मुलाच्या डायरीत किंवा साध्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: 'मी अमुकची आई. ओळख करून घ्यायची आहे, दहा मिनिटं पुरतील. आपल्याला कोणत्या दिवशी सोयीचं पडेल?' परिपाठाच्या वेळी फाटकापाशी गाठू नका. चाळीस मुलं रांगेत उभी असताना बाई तुमच्याकडे बघून मान हलवतील, पण ऐकणार काहीच नाहीत.

या भेटीत सांगायचं काय? बाईंना वर्गात बसून जे कळणार नाही, ते. आणि ते तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर द्या. माझ्या वर्गातल्या एका आईने दिलेला कागद मी अजून फाइलला ठेवला आहे. नावं आणि तपशील बदलून इथे देते:

'नाव श्रावणी, घरी चिऊ म्हणतो, चिऊ म्हटलं की लगेच ओ देते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पुढे बसवलं तर बरं. शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. घरी अहिराणी बोलतो. मराठी सगळं समजतं, बोलायला लाजते. सोडायला आजोबा येतील, न्यायला मी. दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नये. हिचे वडील मार्चपासून पुण्याला कामाला आहेत, त्यामुळे सध्या हट्ट करते. मी कामावर असते, फोन दुपारी एक ते दोन घेता येतो.'

एवढंच. या कागदामुळे ती मुलगी गप्प का बसते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाहीतर 'लक्ष नसतं' असा शेरा मारून मी मोकळी झाले असते. कानाचं, डोळ्यांचं, फिट येण्याचं, दम्याचं, घरात झालेल्या मृत्यूचं, आईवडील वेगळे राहत असल्याचं लपवू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि ही माहिती वर्गात जाहीर करू नये असं स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

काय सांगू नये, तेही सांगते. 'आमचा फार हुशार आहे, फक्त आळशी आहे' हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून जातं. आणि 'बाई, नाही ऐकलं तर द्या दोन ठेवून, आमची काही हरकत नाही' हे तर कृपा करून म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पालकांच्या परवानगीने ती उठत नाही. मूल शेजारी उभं राहून हे ऐकत असतं, हे वेगळंच.

निघताना स्वतःचं नावही सांगा. शाळेत आपण सगळ्या आया 'आर्यनची आई', 'सईची आई' होऊन जातो. बाईंना तुमचं नाव आणि काम माहीत असलं की बोलणं बरोबरीचं होतं. तुम्ही त्यांना बाई म्हणा, सर म्हणा, गुरुजी म्हणा, मुंबईत असाल तर टीचर म्हणा, जे त्या शाळेत चालतं ते.

शिक्षकाचा दिवस कसा जातो ते बघा

हे कळलं की निम्मे गैरसमज मिटतात. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. वाडीवस्तीवर म्हणजे चार इयत्ता आणि दोन माणसं. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, आणि त्यातलाच एक मुख्याध्यापकाचं काम बघतो. वर्ग चालू असताना तांदळाचा साठा तपासायचा, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद भरायची, केंद्रावरून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयातून, मागवलेली माहिती 'आजच, दुपारी दोनपर्यंत' पाठवायची. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाहेरची कामं देऊ नयेत असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. पण मतदारयाद्यांचं काम निवडणुकीतच मोडतं आणि ते वर्षभर डोक्यावर असतं. शहरातल्या फीच्या शाळेत ही कामं नसतात, तिथे एका तुकडीत पन्नास मुलं आणि दिवसाला सात तास असतात.

त्यामुळे 'बाईंनी फोन उचलला नाही' याचा अर्थ बाई उद्धट आहेत असा होत नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती सांगणं हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचं कर्तव्य आहे. भेट मागताना तुम्ही उपकार मागत नाही. वेळ मात्र त्यांच्या सोयीची घ्या. शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटं बहुतेकांना चालतात.

पालकसभेला जाण्याआधी वही उघडा

सभेच्या आदल्या रात्री मुलाबरोबर बसून मराठी आणि गणिताच्या वह्या पहिल्या पानापासून चाळा. बाईंचे शेरे बघा. कुठे पानं कोरी आहेत, कुठे अक्षर अचानक बिघडलं आहे, कोणतं गणित पुन्हापुन्हा चुकतं आहे ते बघा. पुस्तकातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी चालतं. मूल कुठे थांबतं, कुठे बोट पुढे सरकत नाही, हे कळायला अक्षरओळख लागत नाही. मला शाळेत यायला संकोचणारे पालक भेटतात, 'आम्हाला काय कळतंय' म्हणतात. आपलं मूल घरी किती वेळ, कोणत्या मूडमध्ये, कोणापाशी बसून अभ्यास करतं हे त्यांच्याशिवाय कोणाला कळणार?

सभेत प्रत्येक पालकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. 'अभ्यास कसा आहे?' असं विचारलंत तर 'बरा आहे, जरा मस्ती कमी करायला सांगा' एवढंच उत्तर मिळेल आणि तुमची पाळी संपेल. नेमका प्रश्न विचारा, नेमकं उत्तर मिळतं:

'वाचताना ती जोडाक्षरांवर अडते की ओळच सुटते?'

'हातच्याची वजाबाकी तुम्ही कशी शिकवता? घरी मी माझ्या पद्धतीने सांगतोय, त्याने गोंधळ होतोय का?'

'मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर असतो?'

'येत्या महिन्यात घरी एकच गोष्ट घ्यायची असेल तर कोणती घेऊ?'

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण पालक काहीतरी करणार आहेत असं त्यात दिसतं. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मात्र पालकांना कळत नाही. घरची पद्धत आणि वर्गातली पद्धत वेगळी असली की मूल दोन्हीकडे चुकतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा किती घरांत पुस्तकावर वाद झाले ते आठवा. त्यामागचं कारण वर्गशिक्षकांना जाऊन विचारणारे पालक त्या मानाने थोडे होते. पद्धत पटो न पटो, बाई वर्गात काय करतात ते माहीत करून घ्या आणि घरी त्याच्या आड येऊ नका.

प्रगतिपुस्तकाबद्दल थोडंसं. राज्य मंडळाच्या शाळांत पहिली ते आठवीला दोन प्रकारचे गुण असतात. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के असतो, आणि वरच्या वर्गांत तो कमी होत सातवी-आठवीला ४० वर येतो. शेवटी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी मिळतात. पालक श्रेणी बघतात आणि पुस्तक मिटतात. तुम्ही वर्णनात्मक नोंदी वाचा. 'गटात काम करताना पुढाकार घेते', 'शाब्दिक उदाहरणे सोडवताना मदत लागते' अशा त्या ओळी असतात. सगळ्या मुलांच्या पुस्तकात एकच नोंद छापल्यासारखी दिसली तर नम्रपणे विचारा की याचं एखादं उदाहरण सांगाल का. विचारणारे पालक असले की नोंदी जरा विचार करून लिहिल्या जातात, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगते.

सभेला आईच जाते, हा आपल्याकडचा अलिखित नियम. वडिलांनी वर्षातून एकदा तरी जावं. रजा मिळत नसेल, रोजावर काम असेल, तर तसं सांगून फोनवर वेळ मागावी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्याआधीच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, वर्गशिक्षकांना गाठावं. मूल बरोबर येणार असेल तर शिक्षण हमी कार्ड घ्यावं, म्हणजे जाल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट

हा मुद्दा टाळून चालणार नाही. शाळेच्या गटावर शाळेचंच टाका. शुभ सकाळ नको, फॉरवर्ड नको, रात्री दहाला 'आजचा गृहपाठ पाठवा ना कोणीतरी' नको. गृहपाठ मुलाने लिहून आणायचा असतो, आणि नाही आणला तर उद्या ते त्याने बाईंना सांगायचं असतं. तुमच्या मुलाबद्दलची तक्रार गटावर कधीच नको, दुसऱ्याच्या मुलाबद्दलची तर नकोच नको. फक्त पालकांचा जो वेगळा गट असतो, तिथली माहिती निम्मी ऐकीव असते. तिथे काहीतरी वाचून रक्त तापलं तर आधी बाईंना फोन करा.

शाळा व्यवस्थापन समितीत जायचं असेल तर

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या २१ व्या कलमाने ही समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात, निवड पालकसभेत होते. कागदावर हे सगळं सुंदर आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत नावं पारावर आधीच ठरलेली असतात, आणि स्त्री सदस्याच्या खुर्चीवर तिचा नवरा किंवा दीर येऊन बसतो. यावर उपाय एकच: निवडीच्या पालकसभेला पालकांनी, विशेषतः आयांनी, भरपूर संख्येने यायचं. चार आया ठरवून आल्या आणि एकीने उठून दुसरीचं नाव सुचवलं की पारावरची यादी बदलते. नोटीस कधी लागते यावर जूनपासून लक्ष ठेवा.

निवडून आलात तर पहिल्या बैठकीत फार बोलू नका. इतिवृत्ताची वही मागा आणि मागच्या दोन वर्षांची पानं वाचा. कोणते ठराव झाले, त्यातलं काय झालं, काय राहिलं, ते त्यातच असतं. आणि एक नियम डोक्यात पक्का करा: कोऱ्या पानावर किंवा न वाचता सही करायची नाही. 'ताई, इथे सही करा, मजकूर मी नंतर लिहितो' असं अगदी सहज, चहा देतादेता म्हटलं जातं. म्हणणारा लबाड असतोच असं नाही, त्याला फक्त काम उरकायचं असतं. तुम्हीही तितक्याच सहजपणे म्हणा, 'लिहा ना सर, मी थांबते.'

पैशाचं समजून घ्या. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त शाळा अनुदान मिळतं. योजनेतले टप्पे असे आहेत: तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, त्यापुढे पाऊण लाख, आणि हजाराहून जास्त पटाला एक लाख. यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी असतो. रक्कम छोटी आहे, पण खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती, दाराची कडी यातच बसवायची असते. म्हणून ती कशावर गेली हे विचारणं समितीचं कामच आहे. आवाज न चढवता विचारा, कारण पुष्कळदा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे अडकलेले असतात आणि कोणीतरी हिशोब विचारला तर त्यांनाही बरंच वाटतं.

पोषण आहाराचं काम सगळ्यात दिसणारं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात एक शिक्षक, खाऊन बघायचं आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचं. ती नोंदवही एकदा उघडून बघा. महिनाभर रोज 'चव चांगली' असं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं असेल तर ओळखू येतं. आयांनी आळीपाळीने आठवड्यातून एक दिवस वाढायच्या वेळेला जायचं ठरवलं तर आमटीतल्या डाळीचं प्रमाण आपोआप सुधारतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर मात्र राग काढू नका. मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर नाही, आणि साठा किती आला हे त्यांच्या हातात नसतं.

पहिल्या वर्षी एकच काम धरा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून लागणारी कडी, हे मी सुचवेन. त्यासाठी बैठकीत ठराव घ्या, शाळा विकास आराखड्यात घाला, प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभेत विषय मांडा. संगणक कक्ष, रंगरंगोटी, बोलक्या भिंती नंतर. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर पोहोचली, शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी लोकसहभागासाठी गाजली. अशा शाळा बघायला जरूर जा, पण परत येऊन लगेच वर्गणीची पावतीपुस्तकं छापू नका. आधी कडी लावा.

फीची शाळा असेल तर

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे शाळेतला प्रत्येक पालक शिक्षक-पालक संघाचा सदस्य असतो. संघाची कार्यकारी समिती असते: मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. इच्छुक पालकांमधून नावं सोडत काढून ठरतात. म्हणजे व्यवस्थापनाने आपल्या मर्जीतले चार जण बसवायचे, असं कायद्याला अपेक्षित नाही. सोडत कधी आहे, इच्छुकांनी नाव कुठे द्यायचं, हे जूनमध्येच लेखी विचारा. सर्वसाधारण सभा १५ ऑगस्टच्या आत व्हायला हवी.

पुढच्या वर्षाची फी व्यवस्थापनाने या समितीसमोर सहा महिने आधी ठेवायची असते. फी वाढल्यावर फाटकापाशी घोषणा देणारे पालक आणि सोडतीच्या वेळी 'वेळ नाही हो' म्हणणारे पालक पुष्कळदा तेच असतात. बाकी समितीत गेल्यावर फक्त फीवर बोलू नका. बसमध्ये बाई सोबत असतात का, पहिलीच्या दप्तराचं वजन, वर्गशिक्षक वर्षाच्या मध्येच का बदलले, हेही तिथेच विचारायचं.

तक्रार करायची वेळ आली तर

मुलाचं ऐकून घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. 'बाईंनी मला बाहेर काढलं' यामागे काय घडलं ते त्याला नीट आठवू द्या. मग वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा. चार जणांना घेऊन गेलात की बाई बचावाचीच भाषा बोलतील. सुरुवात 'घरी येऊन तो असं सांगतोय, वर्गात काय झालं होतं?' अशी करा.

त्यातून काही निघालं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. एक पान पुरे: कोणत्या दिवशी काय झालं, आधी कोणाशी बोललात, तुम्हाला काय व्हायला हवं आहे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुढची पायरी केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. पायऱ्या गाळून थेट वर गेलात तर अर्ज बहुतेक वेळा फिरून खालीच येतो.

याला एक अपवाद. मारहाण, नकोसा स्पर्श, धमकी असं काही असेल तर कुठलीही पायरी चढत बसू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ किंवा पोलीस, त्याच दिवशी. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही दडवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो शाळेलाही लागू आहे. 'शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' असं कोणी म्हणालं तर त्या खोलीतून उठून बाहेर या.

देणं-घेणं

शिक्षकदिनाला, गुरुपौर्णिमेला फूल द्या, मुलाने लिहिलेली चिठ्ठी द्या. साडी, घड्याळ, पाकीट नको. ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं वर्गात बघत असतात, आणि शिक्षकालाही नाही म्हणणं अवघड जातं. वर्गशिक्षकाकडेच शिकवणी लावण्याचा विचार असेल तर थांबा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे.

त्यापेक्षा तुमचा हुन्नर द्या. शिंपी असाल तर मापं कशी घेतात ते तिसरीच्या वर्गाला दाखवा. टेप, सेंटिमीटर, अर्धा, पाव, सगळं गणित त्यात येतं. नर्स, गवंडी, रोपवाटिका चालवणारे, एसटीचे वाहक, सगळ्यांकडे अर्ध्या तासाचं काहीतरी असतं. बाईंना आठवडाभर आधी सांगा म्हणजे त्या पाठाला जोडून घेतील. आनंद मेळाव्यात मुलांनी भाजी विकायला बसायचं असतं, तिथे मुलाला बाजूला सारून स्वतः हिशोब करू नका.

शेवटचं काम १ मेच्या सुमारास, निकालाच्या दिवशी. बहुतेक पालक प्रगतिपुस्तक घेऊन गावाला जायच्या गडबडीत निघून जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. पुढच्या वर्षी वर्ग कोणाकडे आहे ते विचारा, आणि जूनमध्ये दिलेला तो कागद नव्या शिक्षकांकडे द्यायला जुन्या बाईंना सांगा. काय बदललं, काय नव्याने कळलं, ते त्यांनाच त्यावर दोन ओळींत लिहू द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होतात, जुन्या बाई जूनमध्ये तिथे असतील याची खात्री नसते, म्हणून कागदाची एक प्रत तुमच्याकडेही ठेवा.